हात थरथरतो, म्हणून मॅनिक्युअर बंद?

पार्लरमध्ये मॅनिक्युअरला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "हात सैल सोडा." पण पार्किन्सन्स असलेल्या काकूंचा हात बऱ्याचदा सैल सोडल्यावरच जास्त थरथरतो. त्यात कुणी "हलवू नका ना" म्हटलं, की टेन्शन येऊन कंप आणखी वाढतो. मग काकू हात पदराखाली लपवतात आणि पार्लरला यायचंच सोडतात.

मग करायचं काय? आधी त्यांनाच विचारा, "काकू, गोळी घेतल्यावर हात कधी शांत असतो?" अपॉइंटमेंट तेव्हाची द्या. कोपरापासून मनगटापर्यंत हात उशीवर टेकवा. बोट आवळून धरू नका, खालून आधार द्या. कटर बाजूला ठेवा, नखं फाइलने घासा. क्यूटिकल कापू नका, भिजवून हलकेच मागे सारा. नेलपेंट फिकट रंगाचं घ्या, म्हणजे कडेला लागलं तरी दिसत नाही. आणि मध्ये मध्ये थांबा.

आपल्या पुण्यात हृषीकेश पवारांनी पार्किन्सन्सच्या पेशंटना चक्क नृत्य शिकवलंय. थरथरत्या हातांनी नाचता येतं, तर ते हात सजवायला आपल्याला का जमू नये? थोडा वेळ जास्त द्या, बस्स!