डोळ्यातली आंधळी जागा

मंडळी, पाटी जवळ घ्या. डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे चार बोटे सोडून डाळीएवढा ठिपका काढा. आता डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहा. नजर हलवायची नाही बरे! पाटी हात लांब करून धरा आणि हळूहळू तोंडाजवळ आणा. पाटी वितीहून थोडी लांब असेल, तेव्हा ठिपका नाहीसा होईल. आणखी जवळ आणली की परत दिसेल.

ठिपका गेला कुठे? आपल्या डोळ्याच्या आत, मागे, एक पडदा असतो. त्यावर समोरच्या वस्तूचे चित्र पडते. त्या पडद्यापासून एक नस मेंदूकडे जाते. ती जिथून निघते, तेवढी जागा आंधळी असते. फ्रान्स देशात मारियट नावाचे विद्वान होते. त्यांनी १६६० च्या दशकात ही जागा शोधून काढली. आपल्याला एरवी तिचा पत्ताच लागत नाही. कसा लागणार? तिथे भोक दिसत नाही. आजूबाजूला जसे आहे तसेच तिथेही असणार, असे मेंदू धरून चालतो. दोन्ही डोळे उघडे असले म्हणजे एकाला न दिसलेले दुसऱ्याला दिसते.

हा धडा आम्ही शाळेत कितीतरी वर्षे शिकवला. मुले खूश व्हायची. पण स्वतःच्या शेतावर आम्हाला तो आठवला नाही.

आपल्या मुळशीतली भातखाचरे उतरणीवर, एकाखाली एक. आमचे खाचर वर, आबांचे खाली, बाजूला ओढा. एका वर्षी ऐन लावणीत पावसाने उघडीप दिली. आमचे पाणी भराभर उतरू लागले. आम्ही म्हणालो, आबा रात्री बांध फोडतात. चोरी आहे ही! आबा खालून म्हणाले, "गुरुजींनी पाणी अडवलंय." वर पाणी टिकत नव्हते हे खरे. खाली पोचत नव्हते हेही खरे. मधले मात्र दोघांनी आपापल्या मनाने भरले. बोलणे बंद झाले. राबातले रोप पिवळे पडू लागले.

शेवटी आबांच्या सूनबाई म्हणाल्या, "भांडा नंतर. आधी दोघं मिळून बांध तरी बघा."

आबा ओढ्याच्या अंगाला उतरले. आम्ही वर बांधाच्या कडेकडेने पायाने चिखल ढवळत निघालो. थोड्या वेळाने खालून हाक आली, "गुरुजी, थांबा! हितं गढूळ पाणी आलं!"

खेकड्याचे बीळ! वरचे तोंड पाण्याखाली, दुसरे ओढ्याकडच्या गवतात. आम्ही एकट्याने दिवसभर शोधले असते तरी ते सापडले नसते. आबांनाही नाही. चिखल आणि पेंढा ठोकून ते बुजवले.

लावणी आठ दिवस उशिरा झाली. थोडे रोप वाया गेले. पुढे कितीतरी वर्षे आबा आम्हाला पान देताना म्हणत, "घ्या गुरुजी, चोराच्या हातचं आहे."