शब्दांचा खेळ आणि त्याचे दीर्घायुष्य

खेळ म्हटला की मैदान, चेंडू, पट, सोंगट्या यांपैकी काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे येते. आजच्या मुलांना विचाराल, तर त्यांच्या डोळ्यांपुढे चकाकणारा पडदा आणि त्यावर धावणारी रंगीत चित्रे येतील. मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे त्यात मैदान नाही, पट नाही आणि चित्रही नाही. पडद्यावर उमटणारी अक्षरे आणि खेळणाऱ्याने अक्षरांतच दिलेले उत्तर, एवढेच त्याचे साहित्य. तरीही हा खेळ जवळजवळ अर्धशतक टिकून आहे. तो का टिकला, हा प्रश्न शिक्षक या नात्याने मला महत्त्वाचा वाटतो. कारण मुलांचे मन शब्दांत रमत नाही, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते.

या खेळाचा जन्म इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 1978 साली विद्यापीठाच्या संगणकावर त्याची पहिली मांडणी केली. रिचर्ड बार्टल हा दुसरा विद्यार्थी त्यास येऊन मिळाला आणि 1980 पासून खेळाची जबाबदारी मुख्यतः बार्टलकडे आली. 'मल्टि-युझर डंजन' हे त्याचे नाव. म्हणजे अनेकांनी मिळून हिंडावयाचे भुयार. आद्याक्षरांवरून त्यास 'मड' म्हणू लागले आणि पुढे या जातीच्या साऱ्याच खेळांना ते नाव चिकटले. एकट्याने गुहेत हिंडण्याचा 'अ‍ॅडव्हेंचर' हा शब्दखेळ अमेरिकेत त्याच्या आधी, 1976-77 च्या सुमारास तयार झाला होता. एसेक्सच्या भुयारात मात्र एकाच वेळी अनेक माणसे वावरत, एकमेकांशी बोलत, भांडत आणि एकमेकांना वाट दाखवीत. खजिना शोधून तो दलदलीत नेऊन टाकावा, म्हणजे गुण मिळत. गुण वाढत वाढत अखेर खेळाडू मांत्रिकाच्या पदास पोहोचे.

खेळाची रीत अगदी साधी आहे. समजा, पडद्यावर मजकूर आला, की तुम्ही एका पडक्या वाड्याच्या दिंडीदरवाजात उभे आहात. उत्तरेस विहीर आहे, पूर्वेस जिना आहे, पायाशी एक कंदील पडला आहे. तुम्ही लिहावयाचे, 'कंदील घे', आणि कंदील तुमच्या हाती येतो. 'पूर्वेस जा' म्हणताच तुम्ही जिन्यापाशी पोहोचता. इतक्यात मजकूर येतो, की जिन्यावरून कोणीतरी खाली उतरत आहे. हा 'कोणीतरी' यंत्राने रचलेला नसून दुसऱ्या गावी, कदाचित दुसऱ्या देशी बसलेला हाडामांसाचा माणूस असतो. येथे बोलणे हेच करणे असते. ज्या वस्तूचे नाव तुम्हांस घेता येत नाही, ती तुम्हांस उचलताही येत नाही.

आपल्या मातीला ही रीत परकी वाटू नये. कीर्तनकार रिकाम्या जागी उभा राहून केवळ वाणीने अरण्य उभे करतो, आणि समोरच्या प्रत्येक श्रोत्याच्या मनात ते अरण्य निराळे असते. गुजरातीतील थोर आख्यानकवी प्रेमानंद सतराव्या शतकात होऊन गेला. तो मूळचा वडोदऱ्याचा; परंतु सुरतेत आणि आपल्या नंदुरबारातही त्याचे वास्तव्य झाले. त्याच्या परंपरेतले माणभट्ट तांब्याच्या घड्यावर बोटांतील अंगठ्यांनी ताल धरीत आणि रात्रीच्या रात्री आख्याने रंगवीत. त्या श्रोत्यांना कोणी चित्र दाखविले नव्हते. आणि श्रोतेहो, या क्षणी माझा आवाज ऐकताना आपण तो वाडा आणि तो कंदील पाहिलाच ना? ते चित्र माझ्या शब्दांपासून निघाले खरे, पण ते काढले आपण.

मला वाटते, या खेळाच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण हेच होय. चित्र तयार मिळाले की पाहणाऱ्याचे काम उरत नाही, आणि दहा वर्षांनी ते चित्र जुनाट दिसू लागते. शब्दाचे तसे होत नाही. 'जुना दरवाजा' हे शब्द 1978 साली जेवढे जुने होते तेवढेच आजही आहेत. त्यांना रंग देणारे मन मात्र दर वेळी नवे असते.

दुसरे कारण माणसांच्या सोबतीचे. बार्टल यांनी 1996 साली एक प्रसिद्ध निबंध लिहून खेळाडूंचे चार वर्ग पाडले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची उपमा दिली. धन आणि गुण मिळविणारे ते चौकटचे. कारण इंग्रजीत चौकटच्या पानाला हिऱ्याचे नाव आहे, आणि हिऱ्याचे मोल सुरतकरांना निराळे सांगावयास नको. कोपरा न् कोपरा खणून पाहणारे ते इस्पिकचे. इंग्रजीत त्या पानाचे नाव कुदळ-फावड्याचे आहे. गप्पागोष्टींसाठी येणारे बदामचे, आणि दुसऱ्यांना सोटा हाणण्यात आनंद मानणारे किलवरचे. या चौघांचा समतोल राहिला तर ते जग नांदते, असे बार्टल यांचे म्हणणे. कोणत्याही चावडीवर, कोणत्याही शिक्षकांच्या खोलीत हे चारही प्रकार आपणांस भेटतील. म्हणूनच पुष्कळांच्या बाबतीत खजिना हे निमित्त ठरते. ते परत येतात ते ओळखीच्या माणसांसाठी.

चित्रमय खेळांनी या खेळावर मात केली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 'अल्टिमा ऑनलाइन' 1997 साली आला, 'एव्हरक्वेस्ट' 1999 साली आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' 2004 साली. कोट्यवधी लोक तिकडे वळले. पण हे सारे या शब्दखेळाचेच वंशज होत, आणि मूळ पुरुष अजून हयात आहे. टेरी प्रॅचेट यांच्या कादंबऱ्यांच्या आधारे 1991 साली सुरू झालेला 'डिस्कवर्ल्ड' हा खेळ स्वयंसेवकांच्या श्रमावर आजही विनामूल्य चालतो. 1997 चा 'अकिया' चालू आहे. 'जेमस्टोन' ही मालिका तर 1988 पासून चालत आली आहे.

तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी साधने आता सहज मिळतात. 2006 साली ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी सुरू केलेले 'एनव्हीडीए' हे साधन विनामूल्य आहे आणि ते मराठीही वाचते. चित्रमय खेळाच्या दारातून अंध माणसास बहुधा परत फिरावे लागते. शब्दांच्या खेळात मात्र तो इतरांच्या बरोबरीने वावरतो. आपण आपली ओळख दिल्यावाचून समोरच्यास कळतही नाही, की हा गडी पाहू शकत नाही. या खेळांत अंध खेळाडूंची संख्या लक्षणीय आहे आणि त्यांच्या सोयीसाठी कित्येक ठिकाणी मुद्दाम व्यवस्था केलेली असते. जेथे सर्वांनाच ऐकून आणि वाचून पाहावयाचे असते, तेथे कोणी उणा राहत नाही.

या विचारांतून मी एक लहानसा प्रयोग केला. सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. त्यांची मुले घरी अहिराणी, बाजारात गुजराती आणि वर्गात पुस्तकी मराठी बोलतात. परिणामी वर्गात ती पुष्कळदा गप्पच बसतात. एका तासाला मी वर्गात संगणकावाचून हाच खेळ मांडला. यंत्राचे काम मी घेतले. स्थळ ठरले तापीकाठचे सोळाव्या शतकातील किल्ल्याचे आवार आणि जवळची 1644 ची मुघलसराई, जेथे आज महानगरपालिकेची कचेरी आहे. कोणी नावाडी झाला, कोणी व्यापारी, कोणी दरवाजावरचा पहारेकरी. नियम एकच: जे नीट सांगता येईल तेच घडेल. 'मी तिकडे जातो' म्हणणाऱ्यास मी विचारी, 'तिकडे म्हणजे कोठे?' एकाने ओट्याला गुजराती वळणाने 'ओटलो' म्हटले. तोही शब्द आम्ही स्वीकारला, कारण सर्वांना जागा कळली.

किल्ल्याच्या तळघराचे वर्णन लिहिण्याची पाळी मागच्या बाकावरील एका अबोल मुलीवर आली. अंधारात काही दिसत नाही, पण भिंतीपलीकडे यंत्रमागाची खटखट चालू आहे, असे तिने लिहिले. वर्गातील निम्म्या मुलांना तो आवाज तत्काळ ऐकू आला. त्यांच्या घराशेजारी तो रात्रंदिवस चालतो. एका मुलाने हरकत घेतली, की त्या काळी यंत्रमाग कोठून आला? तेव्हा तिने शब्द खोडून 'हातमाग' केला, पण खटखट तशीच राहू दिली. वर्षभरात त्या मुलीने वर्गात कोणाच्या हरकतीला उत्तर दिलेले मी प्रथमच पाहिले.

या खेळाचेही व्यसन लागते, रात्री जागविल्या जातात आणि अभ्यास बुडतो, हे खरे आहे. कोणताही गोड पदार्थ मापानेच वाढला पाहिजे. दुसरा धोका असा, की ही शब्दांची राज्ये मूठभर माणसांच्या निष्ठेवर उभी असतात. एसेक्सच्या मूळ खेळाची 'ब्रिटिश लीजंड्स' ही आवृत्ती एका अमेरिकन कंपनीने 1987 पासून चालविली आणि 1999 अखेरीस बंद केली. पुढे एका हौशी जाणकाराने ती स्वकष्टाने नव्या यंत्रासाठी पुन्हा लिहिली, म्हणून ती वाचली.

अशी निष्ठा मराठीसाठी दाखविणारे कोणी आपल्यात असतील काय? या खेळाला चित्रकारांचा ताफा लागत नाही, मोठे भांडवल लागत नाही. लागतात ती स्वच्छ वर्णने लिहिणारी माणसे आणि थोडे संगणकाचे ज्ञान. सुरतेचा किल्ला, देवगिरीचा अंधारी मार्ग, वसईचा कोट ही स्थळे आपल्यापाशी तयार आहेत. एखाद्या महाविद्यालयातील मराठीच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून पहिली दहा दालने जरी लिहिली, तरी आरंभ होईल. आणि ती लिहिताना प्रत्येक वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहावे. कारण त्या दालनात येणाऱ्यांपैकी काही जण ते कानांनीच पाहणार आहेत.