पदवीनंतरचे संख्याशास्त्र



संख्याशास्त्राची उच्च पदवी घेतलेल्या मुलाने पुढे करावयाचे काय, हा प्रश्न आता आपल्याही घरांतून निघू लागला आहे. त्यातही पीक, पशू आणि माणसाचे आरोग्य यांच्या मोजदादीचे शास्त्र, म्हणजे जीवसंख्याशास्त्र, शिकलेल्याचे पुढे काय, हे पुष्कळांना कोडेच वाटते. उपदेश करण्याऐवजी मी एका माणसाचे उदाहरण आपणांपुढे ठेवतो.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. जन्म १९११ चा. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. फिशर, नेमन, पिअर्सन ही या शास्त्रातील थोर मंडळी त्या काळी तेथेच होती. १९३६ साली सुखात्म्यांना डॉक्टरेट मिळाली. परत आल्यावर काही काळ कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत अध्यापन करून १९४० साली ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत गेले, आणि तेथे त्यांची खरी उमेदवारी सुरू झाली.

त्या वेळी पिकाचा अंदाज बहुधा नजरेनेच बांधीत. आणेवारी, पैसेवारी हे शब्द अवर्षणाशी झगडणाऱ्या आपल्या तालुक्याला समजावून सांगावयास नकोत. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी निराळी रीत घातली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावे निवडावयाची, गावातील शेते आणि शेतातील तुकडाही तसाच निवडावयाचा. मग तेथील पीक कापून, मळून, तोलावयाचे.

तुकडा केवढा घ्यावा, यावर मोठा वाद झाला. प्रो. महालनोबिस यांचा कल लहान तुकड्याकडे होता. त्यात श्रम आणि खर्च वाचतो. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष शेतात ताडून पाहिले, तेव्हा फार लहान तुकड्यांतून उतारा फुगून येतो, असे दिसले. कारण साधे आहे. कडेवरचे ताट आत धरावे की बाहेर, असा संशय आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर चौरस तुकड्यात एका चौरस मीटरला चार मीटर कड येते. दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तुकड्यात ती फक्त साठ सेंटिमीटर येते. कड जितकी जास्त, तितकी चूक जास्त. ही गोष्ट बांधावर उभे राहिल्यावाचून निव्वळ सूत्रातून कळली नसती.

१९५१ ते १९७१ ही वीस वर्षे ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत होते. जगातील दोनतृतीयांश माणसे उपाशी आहेत, असे तेव्हा सर्रास बोलले जाई. १९६१ साली सुखात्म्यांनी मांडले की पोटभर अन्न न मिळणारे लोक शेकडा १० ते १५ असावेत. निकस अन्नावर राहणारे मात्र याहून पुष्कळ अधिक. पुढे पुण्यास परतल्यावर त्यांनी सांगितले की निरोगी माणसाची अन्नाची गरजसुद्धा दिवसागणिक कमीजास्त होते. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी समजू नये. यावर वि. म. दांडेकरांनी कडाडून टीका केली. रेघ खाली ओढली तर भुकेलेले कागदावरून पुसले जातील, ही त्यामागची चिंता होती. तो वाद दोघांनी उघडपणे चालविला. रेघ कोठे ओढावी यावर कोणाच्या ताटात धान्य पडावयाचे हे ठरते. म्हणूनच संख्याशास्त्रज्ञाने आपली रीत लोकांपुढे उघडी ठेवली पाहिजे.

तेव्हा तरुणांनी पदवीनंतर पिकाचा, रोगाचा वा पोषणाचा एक प्रश्न धरावा. आकडे गोळा होऊन टेबलावर येण्याची वाट न पाहता, मोजणी आखण्याच्या वेळीच वैद्यांच्या किंवा कृषितज्ज्ञांच्या शेजारी बसावे. आणि निष्कर्ष अप्रिय असला तरी तो साध्या भाषेत सांगण्याची सवय लावून घ्यावी. नोकरी रुग्णालयात मिळो की औषधाच्या कारखान्यात, ही शिदोरी सर्वत्र उपयोगी पडते.

आरंभ येथूनही करता येईल. पीकविम्याची भरपाई आज पीक कापणी प्रयोगावर अवलंबून असते. आपल्या शिवारात तो प्रयोग होईल, त्या दिवशी तेथे जाऊन उभे राहावे. गट कसा निवडला, दोरी कशी धरली, धान्य कोणी तोलले, हे पाहावे आणि न समजले तर विचारावे.