उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

आज सॉफ्टवेअर बाजूला ठेवूया. विषय आहे उभ्या गाडीची बॅटरी. संध्याकाळी गाडी नीट लावली, दोन दिवसांनी चावी फिरवली आणि नुसतं टिक-टिक. मग शेजाऱ्याची गाडी, जंपर केबल, आणि गॅरेजवाल्याचं ठरलेलं वाक्य, "बॅटरी गेली साहेब, नवी टाका."

आमच्या बाबांनी आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या टाकल्या. बाबा साताऱ्यात असतात आणि दर सोमवारी सकाळी आईला फिजिओथेरपीला घेऊन जातात. दुसरी बॅटरीही उतरायला लागली तेव्हा त्यांनी स्वतःचा उपाय काढला. रोज रात्री दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं आणि सकाळी परत आवळायचं. उपाय चालतो बरं का, पण सहासष्ट वर्षांच्या माणसाने पहाटे अंधारात बॉनेटखाली वाकून रोज हे करायचं म्हणजे काय!

तर आधी थोडं गणित. गाडी बंद असली तरी थोडा करंट जातच असतो. घड्याळ, सेंट्रल लॉक, स्टिरिओची मेमरी यांना तो लागतो. साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही. ५० म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची धरली तर दोन आठवडे गाडी आरामात उभी राहते. पण हाच आकडा ४०० झाला की दिवसाला साडेनऊ जातात, आणि तिसऱ्या दिवशी टिक-टिक.

म्हणजे बॅटरी विकत घेण्याआधी हा आकडा मोजायचा. साधा मल्टिमीटर पुरतो. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालायची, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं आणि टर्मिनल व केबल यांच्यामध्ये मीटर लावायचा. मीटर लावलेला असताना चावी अजिबात फिरवायची नाही. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज जागच्या जागी उडेल.

आता खरी गंमत. मीटर लावल्या लावल्या दोन-तीन अँपिअर दिसतात आणि माणूस घाबरतो. घाबरू नका. केबल जोडली की गाडीतले सगळे कंट्रोलर जागे होतात, आणि त्यांना झोपायला वेळ लागतो. काही गाड्यांना दहा मिनिटं, काहींना तासभर. दार किंवा बॉनेट उघडं असेल तर काही झोपतच नाहीत. म्हणून दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायचं, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय. बॉनेटच्या लॅचचंही तेच. (नंतर दार लावण्याआधी लॅच परत सोडवा, नाहीतर दार आपटून लॅच वाकेल.) रिमोटची चावी घरात ठेवून या. मग चहा घ्या.

बाबांच्या गाडीत चाळीस मिनिटांनी आकडा स्थिरावला तो ३८० वर. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळपर्यंत साठ तास उभी. साठ तासांत जवळजवळ २३ अँपिअर-अवर गेले. पस्तिसातून तेवीस. दोन्ही बॅटऱ्या बिचाऱ्या निर्दोष होत्या.

आता चोर शोधायचा. इथे बहुतेक जण एकेक फ्यूज उपटत जातात आणि आकडा कधी पडतो ते बघतात. जुन्या गाडीत हे चालतं. नव्या गाडीत मला ही पद्धत अजिबात पटत नाही. फ्यूज परत बसवला की तो कंट्रोलर जागा होतो, शेजारच्यांनाही उठवतो, आणि परत अर्धा तास थांबा. त्याहून वाईट म्हणजे एखादा कंट्रोलर अडकून जागा राहिला असेल तर फ्यूज काढल्यावर तो रीस्टार्ट होतो आणि बिघाडच गायब! आमच्या धंद्यात असे बग असतात, लॉग लावला की दिसेनासे होतात. पंधरा दिवसांनी परत हजर.

त्यापेक्षा फ्यूज जागेवरच राहू द्या. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन छोटे ठिपके उघडे असतात. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर घ्या आणि दोन टोकं त्या ठिपक्यांना लावा. फ्यूजलाही किंचित रेझिस्टन्स असतो, त्यामुळे त्यातून करंट जात असेल तर काहीतरी आकडा दिसतो. नसेल तर शून्य. यासाठी दुसरा मीटर वापरला, पहिला बॅटरीवरच ठेवला. शून्य, शून्य, शून्य... आणि पंधरा अँपिअरच्या एका फ्यूजवर १.९. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर बघितलं तर ऑडिओ.

वर्षभरापूर्वी बाहेरून बसवलेला टचस्क्रीन स्टिरिओ. बाबा बटण दाबून तो बंद करायचे, स्क्रीन काळी व्हायची, पण आतला प्रोसेसर जागाच! मागे पिवळी वायर कायम चालू लाइनची असते, मेमरीसाठी, आणि लाल वायर चावीवरची. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून टेप मारली होती. चावीवरची लाइन शोधायचा कंटाळा, दुसरं काय! लाल वायर योग्य जागी जोडली, परत थांबलो. २२ मिलीअँपिअर.

तुमच्या गाडीत चोर दुसरा असेल. पार्किंग मोडवाला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, डिकीचा न विझणारा दिवा. बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर आधी संशय घ्या, पण मोजूनच. आणि दोन्ही बॉक्समधल्या सगळ्या फ्यूजवर शून्य येऊनही मीटर मोठा आकडा दाखवत असेल, तर करंट छोट्या फ्यूजमधून जातच नाहीये. अशा वेळी अल्टरनेटर तपासायला सांगा, त्यातला डायोड खराब झाला की बॅटरी उलटी तिथून रिकामी होते. अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते, तिथे स्वतः पाना घालू नका. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा, आणि झोपलेल्या गाडीचा तुमचा आकडा कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. चला, पुढच्या भागात भेटू.