कवच हीच आदरांजली



हुतात्म्यांना वंदन करून आपण घरी परततो. परंतु त्यांच्या मरणाने जे शिकविले, ते आपण किती अंगीकारतो, हा प्रश्न आज सावरगावच्या या व्यासपीठावरून मांडावासा वाटतो.

१९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीच्या हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरील १०६ मिलिमीटर तोफेने शत्रूचे पॅटन रणगाडे फोडले. ही तोफ डागताच मागे ज्वाळा व धुरळा उठे आणि ठिकाण उघडे पडे. म्हणून जीप लगोलग हलवावी लागे. जीपला चिलखत नव्हते, चपळाई हेच कवच होते. १० सप्टेंबरला ते अपुरे पडले. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना लाभले.

आपल्या शेजारच्या विदर्भात, गडचिरोलीतील जांभूळखेड्याजवळ, १ मे २०१९ रोजी सुरुंगस्फोटात १५ पोलीस जवान आणि चालक धारातीर्थी पडले. त्यांची गाडी साधी, खासगी होती.

स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना वळविणाऱ्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या तळाची सुरुंगरोधक वाहने आपल्याच राज्यात, जबलपूरच्या वाहन निर्माणीत बनली आहेत. तथापि छतातून खांद्यापर्यंत बाहेर राहणारा बंदूकधारी तळाने वाचत नाही. त्याच्या चहूबाजूंस पोलादी ढाली व गोळीरोधक काच हवी. वजन वर चढले की गाडी कलंडण्याची भीती वाढते, हे खरे. तो तोल साधणे हेच अभियंत्याचे कर्तव्य.

विद्यार्थी मित्रहो, ते काम तुमची वाट पाहत आहे. स्मृतिस्तंभावर नवे नाव कोरावे न लागणे, हीच खरी आदरांजली होय.

जय हिंद!