मुठीतली ओळख



देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तेव्हापासून बोटाचा ठसा देणे आपल्या अंगवळणी पडले. मात्र पाच वर्षांखालच्या मुलाच्या निळ्या आधारसाठी ठसे घेतच नाहीत. फोटो घेतात आणि पालकांच्या क्रमांकाशी जोडतात. सर्वाधिक लसी ज्या वयात टोचायच्या, नेमक्या त्याच वयात बाळाला त्याच्या स्वतःच्या खुणेवरून ओळखता येत नाही.

हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. दगडखाणींत, उलव्याच्या बांधकामांवर, रायगडच्या वीटभट्ट्यांवर आलेली कुटुंबे काम संपले की पुढे जातात. जन्मतःच बीसीजी आणि पोलिओ, मग सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस, नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेला. तेवढ्यात मुक्काम बदलतो, कार्ड भिजते, हरवते. बारशाआधीच्या केसपेपरवर तर नुसते आईचेच नाव असते. नव्या ठिकाणची आशाताई विचारते, "किती डोस झाले?" आई सांगते, "मांडीत सुई दिली होती." कोणती, हे तिने कसे सांगावे?

बाळाच्या बोटाचा ठसा हीच त्याची ओळख करावी, तर मोठ्यांचे यंत्र इथे चालत नाही. ठशाच्या रेघा गर्भातच तयार होतात आणि जन्मभर टिकतात. पण तान्ह्याच्या रेघांमधले अंतर मोठ्यांच्या साधारण निम्मे असते. नेहमीचे यंत्र इंचाला ५०० ठिपके टिपते, त्यात त्या एकमेकींत मिसळून जातात. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या प्रा. अनिल जैन यांच्या गटाने आग्र्याच्या दयालबाग एज्युकेशनल इन्स्टिट्यूटच्या सोबतीने १९०० ठिपक्यांचे यंत्र वापरून तान्ह्या मुलांचे ठसे घेतले आणि काही महिन्यांनी पुन्हा ताडून पाहिले. बोट वाढते, म्हणून जुना ठसा त्या प्रमाणात मोठा करून जुळवावा लागतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळांत हे बरेच साधते. अगदी नवजाताची कातडी ओलसर असते, तिची सालपटे निघत असतात. तिथे काम अजून अवघड आहे.

आणि मूठ! ती उघडायची कशी, ही मला या सगळ्यातली खरी अभियांत्रिकी वाटते. काचेवर बोट टेकव, असे तान्ह्याला सांगता येत नाही. यंत्रानेच त्या इवल्या बोटाशी जुळवून घ्यायला हवे, आणि बाळ आईच्या मांडीवर दूध पीत असताना नर्सला ते यंत्र एका हाताने धरता यायला हवे. म्हणून, आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, सॉफ्टवेअर लिहिण्याआधी लसीकरणाच्या दिवशी एखाद्या उपकेंद्रात सकाळभर बसा.

ठशाची माहिती फुटली, तर ठसा पासवर्डसारखा बदलता येत नाही. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची अट डिजिटल माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात आहे. ती आईला तिच्या भाषेत समजावून घ्या. घाईघाईने अंगठा उमटवून नव्हे.

शेवटची एक मागणी. तुमच्या यंत्राला एखादे बाळ ओळखता आले नाही, तर पडद्यावर 'नाकारले' असे कधीही उमटू देऊ नका. तिथे लिहा: 'आधी लस द्या, नोंद नंतर करा.'