रिकाम्या चौकोनाचा अर्थ

आज पदवी घेऊन निघालेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

मला बोलायचं आहे ते तुमच्या उन्हाळ्याबद्दल. सुट्टीत गावी न जाता तुमच्यापैकी अनेकांनी डेटा विश्लेषणाचं प्रशिक्षण घेतलं. मग कुणी बँकेत, कुणी सरकारी खात्यात, कुणी लहानशा कंपनीत इंटर्नशिप केली. एक्सेल, पायथन, डॅशबोर्ड हे सगळं हाताखालून गेलं. ही साधनं बदलतील आणि तुम्ही नवी शिकाल, त्याची मला काळजी नाही. समोरचा आकडा कुठे, कसा जन्मला हे विचारायची सवय तुम्हाला लागली का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

26 जुलै 2005 आठवा. तुमच्यातले बरेच जण तेव्हा तान्हे असतील. सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे 73. दोन्हींची सरासरी पाचशेच्या वर जाते, पण तेवढा पाऊस या दोन्ही ठिकाणी पडलाच नव्हता! आणखी एक गोष्ट. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे 26 तारखेचा तो प्रलय दैनिक तक्त्यात 27 तारखेसमोर सापडतो. हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्यानं लोकलची माहिती आणि पावसाचा आकडा शेजारी मांडला, तर त्याच्या आलेखात आधी गाड्या बंद पडतील आणि दुसऱ्या दिवशी पाऊस येईल. संगणक त्याला अडवणार नाही. आलेख सुबकच दिसेल.

तक्त्यातला रिकामा चौकोन तर याहून फसवा. त्या दिवशी पाऊस नव्हता, की पर्जन्यमापक बंद होता? घाईत तिथे शून्य भरलं की पुढचं सगळं गणित बिनचूक चालतं, आणि उत्तर चुकतं. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानीच्या मदतीचा विचार करताना ती नोंद पुढे येते. शेत पाण्याखाली गेलेल्या माणसाला तुमचा तो शून्य भोगावा लागतो. म्हणून ‘नोंद नाही’ हे ‘नोंद नाही’ असंच लिहा, आणि आलेखातही ती जागा मोकळी दिसू द्या. आकड्यांना रंगरूप देणाऱ्यानं एवढं केलंच पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं.

आकडा कुठे, कसा जन्मला हे पाहण्याचा आग्रह आपल्या मातीत जुना आहे. पिकाचा अंदाज एके काळी गावोगाव नजरेनं बांधला जाई, त्यालाच आणेवारी म्हणत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी 1940च्या दशकात वेगळी वाट रुजवली. शेत चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, कुणाच्याही मर्जीविना निवडायचं, त्यातला ठरावीक तुकडा कापायचा, मळायचा आणि धान्य तोलायचं. 1954 साली या दोघांचं शेतीतल्या संख्याशास्त्रावरचं पुस्तक आलं. कापणीच्या वेळी कुणीतरी उन्हात तराजू धरून उभं होतं, म्हणून तो आकडा विश्वासाचा ठरला.

आणि चित्र कशासाठी काढायचं? संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी 1973 साली अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांची सरासरी, विचलन आणि त्यांतून जाणारी रेषा जवळजवळ सारखीच. कागदावर काढले तर एक संच सरळ रेषेभोवती विखुरलेला, दुसरा कमानीसारखा वळलेला, आणि उरलेल्या दोन्हींत एकेका बिंदूनं सगळा हिशेब ओढून नेलेला. म्हणून आधी चित्र काढा, ते स्वतः नीट बघा, मग साहेबांना दाखवा. स्तंभालेखाचा तळ शून्यावरच ठेवा.

जाण्याआधी एक विनंती. तुमच्या इंटर्नशिपच्या अहवालाची सुबक प्रत विभागात आहेच. तिच्याबरोबर तुमची टिपणवहीही ठेवून जा: कोणत्या रकान्यात काय गोंधळ होता, कोणत्या गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं, तुम्ही काय वगळलं आणि का. पुढच्या एप्रिलमध्ये नवी तुकडी येईल. अहवालाआधी त्यांच्या हाती ती वही पडू दे.